बोलका फोन आणि मुके बटण

शिरूरचा एस. टी. स्टँड असो की दौंडचा स्टेशन रस्ता, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या प्रत्येक भाईला एक तक्रार पाठ झाली आहे. "भाई, फोनला काय झालंय बघा, आपोआप बोलायला लागलाय. बोट लावलं तरी काही उघडत नाही." दुकानदार हसतो, 'टॉकबॅक' नावाची सोय बंद करून देतो आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. आपल्याला कटकट वाटणारी ही सोय अंध माणसाचे मात्र डोळे आहे. पडद्यावर बोट फिरवले की बोटाखाली काय आहे ते फोन वाचून सांगतो. हवे ते सापडले की दोनदा टिचकी मारायची, काम उघडते. अँड्रॉइड फोनवर ही सोय २००९ पासून आहे. आयफोनवर त्याच वर्षी 'व्हॉइसओव्हर' आले. यासाठी वेगळा पैसा पडत नाही आणि आवाज मराठीतही मिळतो.

काही महिन्यांपूर्वी अशाच एका दुकानात बसलो असताना एक अंध तरुण फोन घ्यायला आला. मालकाने सवयीने साधा बटणांचा फोन पुढे केला. तरुण म्हणाला, "चाचा, मोठा फोन दाखवा, मी वापरतो." त्याने स्वतःच टॉकबॅक सुरू केले, बघता बघता निरोप पाठवला, पैसे कसे पाठवतो तेही दाखवले. मग दुकानातल्या मुलांमध्ये गाजत असलेला एक खेळ उघडला. फोन बोलू लागला, "बटण. बटण. बटण." कुठले बटण, कशाचे, काही नाही. त्याने शांतपणे खेळ बंद केला. फोन त्याने घेतला, पण खेळ बनवणाऱ्याने एक गिऱ्हाईक गमावले आणि का गमावले हे त्याला कधी कळणारही नाही.

माझे म्हणणे या एका मुक्या बटणापुरते आहे. फोन बोलायला तयार आहे, ऐकणारा तयार आहे, फक्त मधल्या कारागिराने बटणाला नाव दिलेले नाही. किराणा दुकानातल्या सगळ्या बरण्या सारख्या आणि एकीवरही चिठ्ठी नाही, अशी ही गत आहे.

हा खेळ त्या जातीचा होता ज्यात खेळणारा एखादे पात्र घेतो. कधी तो योद्धा होतो, कधी सौदागर. त्याच्या झोळीत माल असतो, गाठीला नाणी असतात, तो बाजारात खरेदी-विक्री करतो, दुश्मनाशी लढतो. नीट पाहिले तर यातला बराचसा कारभार म्हणजे खातेवहीच आहे. किती नाणी शिल्लक, तलवारीची किंमत काय, ताकद किती उरली, हे सगळे आकडे आणि शब्द आहेत आणि शब्द बोलून दाखवता येतो. भरधाव गाड्यांचा खेळ अंधासाठी करणे फार अवघड आहे, हे मान्य. पण पाळीपाळीने चालणारा पात्रांचा खेळ सहज होण्यासारखा आहे. नकाशाच्या जागी "उत्तरेला बाजार, तीन पावलांवर" असे वाक्य द्यावे. लढाईत घड्याळाची घाई नसावी. वार लागला की वेगळा आवाज, चुकला की वेगळा. आणि प्रत्येक बटणाला त्याचे नाव.

हे कोणी केले आहे का? केले आहे. 'किंग ऑफ ड्रॅगन पास' हा टोळीच्या सरदाराचा खेळ १९९९ साली संगणकावर आला. २०११ मध्ये तो आयफोनवर उतरला आणि त्याला व्हॉइसओव्हरची जोड मिळाली. 'अ डार्क रूम' हा जवळजवळ निव्वळ शब्दांवर चालणारा खेळ मायकेल टाउनसेंड यांनी २०१३ साली बनवला. आमिर राजन यांनी तो आयफोनवर आणला आणि अंधांनाही खेळता येईल असा केला. २०१४ मध्ये हाच खेळ अमेरिकेत आयफोनच्या विकत मिळणाऱ्या खेळांत पहिल्या क्रमांकावर गेला. अंधांची सोय केल्याने धंदा बुडत नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता?

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरण आहे. मुंबईचे चारुदत्त जाधव स्वतः अंध आणि बुद्धिबळपटू. अंधांना संगणकावर बुद्धिबळ खेळता यावे म्हणून त्यांनी 'टॉक६४' हा बोलका खेळ तयार केला. त्याआधीपासून अंधांचा लाकडी पट असतोच. काळी घरे किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्याला खुंटी आणि काळ्या मोहऱ्यांवर हाताला लागेल अशी खूण. तो पट घडवणाऱ्याने बुद्धिबळाचा एकही नियम बदलला नाही. बोटांना कळेल अशी खूण तेवढी केली. फोनवरच्या बटणाचे नाव ही तीच खूण आहे.

खर्चाचा प्रश्न निघणारच. आपले शिंपी बांधव याचे उत्तर जाणतात. कापड बेततानाच शिवणीत माया सोडली तर पुढे कपडा सैल करणे तासाभराचे काम. माया सोडली नाही तर नवे कापड आणावे लागते. खेळाचेही तसेच आहे. बहुतेक खेळ 'युनिटी' नावाच्या साच्यावर बनतात. त्यात सगळा पडदा एकच चित्र म्हणून रंगवला जातो, म्हणून फोनला आत बटण आहे हेच दिसत नाही. २०२३ च्या आवृत्तीपासून त्या साच्यातच फोनच्या वाचकाशी बोलण्याची सोय आली आहे. सुरुवातीपासून वापरली तर काम थोडे. खेळ पुरा झाल्यावर आठवण झाली तर सगळी उसवाउसव.

कोणी म्हणेल, खेळ म्हणजे वेळेची नासाडी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना तर २०२५ मध्ये संसदेने कायद्यानेच मनाई केली आहे. त्या खेळांची वकिली मी करत नाही. पण ज्या करमणुकीची डोळसाला मुभा आहे, ती अंधाला नको असे ठरवणारे आपण कोण? शिवाय हे कसब खेळापुरते राहत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख लोकांना दृष्टीचे अपंगत्व असल्याची नोंद आहे. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निकाल दिला आहे. बँका आणि कंपन्यांना आपले ॲप अंधांना वापरता येईल असे करावेच लागणार. ते काम जाणणारा माणूस त्यांना लागेल.

म्हणून शिरूर-दौंडमधून पुण्याला कॉम्प्युटर शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना सांगणे आहे. पहिला खेळ, पहिले ॲप बनवाल तेव्हा टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि स्वतः चालवून पाहा. जिथे अडाल तिथे तुमचे गिऱ्हाईक अडणार आहे. मग एखाद्या अंध जाणकाराला बोलवा, योग्य मेहनताना द्या आणि चुका काढून घ्या. मोबाइल दुकानदार बंधूंनीही टॉकबॅक नुसते बंद करायला न शिकता चालवायलाही शिकावे. पुढचा अंध गिऱ्हाईक दारात आला तर त्याच्यापुढे साधा फोन सरकवण्याआधी "काय हवंय?" एवढे विचारावे.

बरणीवर चिठ्ठी लावायला फार वेळ लागत नाही. न लावल्याने गिऱ्हाईक मात्र परत जाते.