चला, मुलांना डोंगर दाखवू या!



सहलीचे नाव काढले की आपल्याकडची वडीलधारी मंडळी म्हणतात, "ते पैसेवाल्यांचे चोचले!" मग रविवार उगवतो आणि कपडे धुण्यात, टीव्हीपुढे मावळतो. पण सहलीसाठी महाबळेश्वरच गाठले पाहिजे असे थोडेच आहे? आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून (औरंगाबाद) जेमतेम १५ किलोमीटरवर दौलताबादचा डोंगरी किल्ला उभा आहे. वेरूळकडे जाणारी एस. टी. तेथूनच जाते. १५ वर्षांखालील मुलांना तिकीटही नाही.

आणि सहल हा चोचला असता, तर बाबासाहेब सहलीला गेले असते का? १९३४ साली चळवळीतील काही सहकाऱ्यांनी प्रेक्षणीय स्थळे पाहण्याची इच्छा त्यांच्यापुढे मांडली. बाबासाहेब तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. वाटेत दौलताबाद लागले. प्रवासाच्या धुळीने सारे माखलेले. किल्ल्याबाहेर पाण्याने भरलेले एक टाके होते. मंडळींनी तेथे हातपाय धुतले. इतक्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, 'टाके बाटवले!' जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी खडसावून विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? अस्पृश्य उद्या मुसलमान झाला, तर त्याला या पाण्याला अडवाल काय? जमाव गप्प झाला. तरीही किल्ल्यात सोडताना अट घातली गेली, आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. पहाऱ्यासाठी सोबत हत्यारबंद शिपाई दिला!

महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

मागे वस्तीतील काही कुटुंबे मिळून आम्ही दौलताबादला गेलो. दरवाजाबाहेर हा प्रसंग मुलांना सांगितला. पाणी पिता पिता एका चिमुरडीने बाटली खाली घेतली व विचारले, "काका, मग बाबासाहेब तहानलेलेच किल्ला चढले का?" मला उत्तर देता आले नाही. तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला.

ही गोष्ट मुलांच्या मनात कोणत्याही समाजाबद्दल द्वेष भरण्यासाठी सांगायची नाही. जातीचे विष धर्माची कुंपणे ओलांडून कसे पसरते, हे त्यांना कळावे म्हणून सांगायची. आणि आज तोच डोंगर ती मोकळेपणी चढतात, ते कुणाच्या कष्टामुळे, हेही कळावे म्हणून.

तेव्हा येत्या रविवारी निघाच. सकाळी लवकर निघा. दुपारी कातळ तापतो. भाकरी, भरपूर पाणी, पायात घट्ट बूट आणि अंधारीसाठी बॅटरी घ्या. भिंतींवर नावे कोरू नका. लांब जाणे जमत नसेल, तर बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातील बुद्धलेणी तर आपल्या उंबऱ्यावरच आहेत.

डोंगर चढून आलेले मूल त्या रात्री गाढ झोपते. झोपण्यापूर्वी त्याला एवढेच विचारा, आज काय पाहिलेस? मग शांतपणे ऐका.

जय भीम! नमो बुद्धाय!