उशीर सरकारचा, दंड विद्यार्थ्याचा

ऐन पावसाळ्यात एखाद्या सकाळी विरार स्थानकावर उभे राहावे, म्हणजे कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून गाडीत शिरणारी मुले-मुली आणि त्यांच्या मागोमाग एका दिवसाची रजा टाकून निघालेला बाप किंवा आई दृष्टीस पडते. गुणवत्ता याद्या केव्हाच लागून गेलेल्या असतात. महाविद्यालयांच्या फाटकांवर ‘प्रवेश बंद’च्या पाट्या चढलेल्या असतात. तरीही कोठे तरी एखादी जागा मोकळी झाल्याची कुणकुण लागते आणि ही मंडळी अंधेरीला, पार्ल्याला, प्रसंगी साठ किलोमीटर दूर चर्चगेटला निघतात. जागा कालच भरली, हे तेथे गेल्यावर कळते. अशा विद्यार्थ्यास ‘उशिरा जागा झालेला’ म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत आहे. आमचे म्हणणे असे की, यांतील पुष्कळांच्या बाबतीत उशीर केला आहे तो विद्यार्थ्याने नव्हे. ज्यांच्या हाती त्याचे भवितव्य आहे त्यांनी.

२०२५ सालचेच उदाहरण घ्या. त्या वर्षी बारावीचा निकाल ५ मे रोजी, नेहमीपेक्षा बराच लवकर, लागला. परीक्षा मंडळाचे त्याबद्दल कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मुंबई विद्यापीठाच्या पदवी वर्गांची पहिली यादी २७ मे रोजी निघाली आणि जून लागता लागता हा सारा याद्यांचा सोहळा आटोपलाही. परंतु अभियांत्रिकीच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा निकाल हाती यावयास १६ जून उजाडला, आणि केंद्रीय प्रवेश फेरीतील पहिले जागावाटप होईपर्यंत जुलै सरत आला. ज्या मुलास अभियंता व्हावयाचे आहे त्याने या दोन महिन्यांत काय करावे? तो शहाणा असेल तर शुल्क भरून बी. एस्सी.ची जागा अडवून ठेवतो आणि अभियांत्रिकीला जागा मिळाली की ती सोडून जातो. त्यास आम्ही दोष देणार नाही. त्याच्या जागी आमचा मुलगा असता तर आम्हीही त्यास हाच सल्ला दिला असता. पण जून महिन्यात दोन-चार गुणांनी ज्याची ती जागा हुकली, त्याला ती आता रिकामी झाली हे सांगावयाचे कोणी? महाविद्यालय पत्र धाडीत नाही, विद्यापीठ यादी काढीत नाही. ज्याचा मामा कचेरीत ओळखीचा, त्यास ते कळते. गुणवत्तेच्या नावाने सुरू झालेली ही प्रक्रिया शेवटी वशिल्याच्या दारात येऊन थांबते ती अशी.

वसई-विरारला या अव्यवस्थेची झळ अधिक बसते, याचे कारण भूगोलात आहे. २०११ च्या जनगणनेतच या शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. विद्यापीठाच्या मुख्य कचेऱ्या मात्र फोर्ट आणि कलिना येथेच. वसईचे वर्तक महाविद्यालय, गोन्सालो गार्सिया, विरारचे विवा ही येथली नावाजलेली महाविद्यालये. तेथील दारे एकदा बंद झाली की नालासोपाऱ्याच्या चाळीतील किंवा पारोळ-भाताण्याच्या पाड्यावरील मुलास पुढचे दार थेट मुंबईत शोधावे लागते. पार्ल्याचा मुलगा दुपारच्या जेवणापर्यंत चार महाविद्यालये पाहून घरी परततो. पारोळच्या मुलीचा अर्धा दिवस एस.टी. आणि लोकल यांतच जातो, आणि ‘उद्या या’ या दोन शब्दांचे मोल बापाच्या एका रोजाएवढे होते. हा हिशेब कोणत्याही परिपत्रकात आढळावयाचा नाही.

विद्यापीठाच्या दिरंगाईने काय अनर्थ होतो, हे २०१७ साली साऱ्या कोकणपट्टीने पाहिले आहे. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची नवी पद्धत पुरेशा तयारीवाचून त्या वर्षी अमलात आणली गेली. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, ऑगस्ट सरला, तरी काही निकाल लागलेच नव्हते. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाने आपल्या वयाची एकशेसाठ वर्षे पुरी केली ती अशी! पदव्युत्तर प्रवेशासाठी अन्यत्र अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती दाखवावयास गुणपत्रिकाच नव्हती. २४ ऑक्टोबर रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ते उचितच झाले. परंतु ज्यांचे वर्ष गेले त्यांना ते परत कोणी दिले?

यावर महाविद्यालयांतील अध्यापक एक आक्षेप घेतात आणि तो आम्हांस वजनदार वाटतो. ऑगस्टअखेर वर्गात आलेल्या मुलाचे निम्मे सत्र बुडालेले असते. त्यास प्रवेश देणे म्हणजे नापास होण्याची सोय करून देणे होय, असे ते म्हणतात. खरे आहे. म्हणूनच नुसता प्रवेश देऊन हात झटकता यावयाचे नाहीत. उशिरा आलेल्यांसाठी जादा तास घेतले पाहिजेत, आणि पंचाहत्तर टक्के उपस्थिती मोजावयाची ती प्रवेशाच्या दिवसापासून मोजली पाहिजे. निष्काळजीपणामुळे मागे राहिलेले विद्यार्थीही असतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण जुलैच्या पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेला मुलगा निष्काळजी नव्हे. त्याचे वर्ष वाचावे म्हणूनच ही परीक्षा सरकार घेते. मग तिचा निकाल लागेपर्यंत सर्व दारे बंद करून ठेवण्यात कोणता अर्थ?

शुल्काची कथा याहून निराळी नाही. २०२४-२५ या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केला होता की, ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क परत द्यावे आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास फार तर एक हजार रुपये कापून घ्यावेत. नियम उत्तम होता. पण शुल्क किती भरावे हे सांगणारा फलक जेवढ्या मोठ्या अक्षरांत लागतो, तेवढ्याच अक्षरांत आणि मराठीत, ते परत केव्हा मिळते हे सांगणारा फलक आमच्या तरी पाहण्यात आलेला नाही. भरलेले पैसे बुडाले असे समजून जागा अडवून बसलेला एक विद्यार्थी दुसऱ्याची वाट अडवितो, आणि दोघांचेही नुकसान होते.

विद्यापीठाच्या चालकांपाशी आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. अभियांत्रिकीची प्रत्येक फेरी संपली की संलग्न महाविद्यालयांतून सुटलेल्या जागांची तालुकावार यादी त्याच आठवड्यात विद्यापीठाने स्वतः प्रसिद्ध करावी, आणि त्या जागा पहिल्याने येईल त्यास न देता पुन्हा गुणानुक्रमे भराव्यात. अर्ज भरून घेण्यासाठी जे संकेतस्थळ मे महिन्यात चालते, ते ऑगस्टमध्येही चालू शकते. त्यासाठी नव्या समितीची आवश्यकता नाही. पुढील वर्षीच्या प्रवेशांचे वेळापत्रक काढतानाच या फेरीची तारीख त्यात घालणार की नाही, एवढे कुलगुरूंनी आताच सांगून टाकावे.