ग्रंथालयांची दुपार मुलांना द्यावी : एक जाहीर आवाहन

सार्वजनिक ग्रंथालयांचे पदाधिकारी, सेवानिवृत्त शिक्षक, आपापल्या धंद्यात निष्णात असलेले कारागीर, आणि मुलांना घरीच शिकविण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेले पालक यांस सविनय निवेदन.

मुलाला शाळेत न पाठविता घरी शिकविणारी कुटुंबे आता आपल्या अवतीभवती आढळतात. कोणाच्या मुलाला वर्गाची गती मानवत नाही, कोणाची नोकरी सदा बदलीची असते, कोणाची मुलगी गाण्याच्या वा खेळाच्या तालमीत दिवसाचा मोठा भाग घालविते, तर कोणाच्या प्रकृतीला रोजची यातायात झेपत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यात गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. परंतु १९८९ मध्ये स्थापन झालेली आणि आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने चालणारी केंद्रीय संस्था चौदा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला दहावीच्या तोडीची परीक्षा मराठी माध्यमातूनही देऊ देते, आणि एकदा नोंदणी झाली की पाच वर्षांच्या मुदतीत, नऊ संधींमध्ये, एकेक विषय पदरात पाडून घेण्याची तरतूद तिच्या नियमांत आहे. दाखल्याची आणि परीक्षेची विवंचना त्यामुळे बरीच हलकी झाली. ज्या विवंचनेने आम्ही हे निवेदन लिहिण्यास प्रवृत्त झालो ती ही की, घरी शिकणारी मुले एकटी पडतात.

घरी शिकणे महाराष्ट्राला मुळीच परके नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत विद्या लाभली ती आईवडिलांकडून; रमाबाई रानड्यांना लिहितेवाचते केले ते त्यांच्या पतीने, न्यायमूर्ती रानड्यांनी, घरीच. तथापि या दोघींची विद्या घराच्या उंबरठ्याआत राहिली नाही. १८८२ मध्ये पंडिताबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला आणि घरातील बायकांचा रोष पत्करून रमाबाई रानडे तेथे जाऊ लागल्या, तेव्हा त्या विद्येला बरोबरीच्या माणसांचा सहवास मिळाला. आजच्या गृहशिक्षणाला वाण आहे ती याच सहवासाची; साधनांची नव्हे. बालभारतीची पाठ्यपुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोश घरबसल्या उघडता येतो, जिओजेब्रावर त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने सरकवून कोनांची बेरीज तपासता येते, आणि स्टेलॅरियमवर भरपावसाळ्यातही ढगांआडचे आकाश पाहता येते. इतके वैभव हाताशी असूनही मूल जर दिवसभर एका खोलीत एका पडद्यासमोर बसणार असेल, तर शाळेच्या भिंती टाळून त्याने काय मिळविले, हा प्रश्न प्रत्येक पालकाने स्वतःस विचारावा.

२०२० च्या मार्चनंतर शाळा बंद झाल्या तेव्हा घरोघरी जे घडले त्याची आठवण येथे उपयोगी पडेल. शाळेचे वेळापत्रक जसेच्या तसे मोबाइलवर ओतले गेले; मुले तासन्‌तास ऐकत राहिली आणि बोलण्याची, विचारण्याची, हातांनी काही करण्याची संधी त्यांना क्वचित मिळाली. आमच्या मते दोष यंत्राचा नव्हता, योजनेचा होता. दूर असलेल्या माणसांना एका कामात गुंतविण्यासाठी यंत्र वापरले, तर तेच यंत्र किती मोलाचे ठरते, याचे एक उदाहरण विस्ताराने सांगतो.

पावसाळ्याच्या आरंभी निरनिराळ्या गावांतील मुलांनी आपापल्या अंगणात पर्जन्यमापक मांडावा, रोज सकाळी ठरल्या वेळी मोजमाप घ्यावे आणि ते सर्वांना दिसणाऱ्या एकाच गूगल शीटमध्ये भरावे. पहिल्या आठवड्यातच वाद उभा राहतो, कारण एकाच गावातील दोन मुलांचे आकडे जुळत नाहीत. मग कोणाच्या तरी ध्यानात येते की, बाटलीचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असेल तर साचलेल्या पाण्याची उंची खरा पाऊस सांगत नाही. पात्र वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचे पाहिजे, किंवा मग दोन्ही क्षेत्रफळांचा हिशेब मांडला पाहिजे. ही गोष्ट शिक्षकाने फळ्यावर सांगितली असती तर विसरली गेली असती. पुढे महाबळेश्वरचे मूल आणि माण तालुक्यातील मूल आपापले आलेख शेजारी शेजारी ठेवतात. एकाच सातारा जिल्ह्यात एकीकडे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि दुसरीकडे पाचशेच्या आतबाहेर, हे दिसताच सह्याद्रीची पर्जन्यछाया त्यांना परिभाषेवाचून कळते. त्या दोघांची प्रत्यक्ष भेट झाली नसेल, तरी ते सहाध्यायी झालेले असतात. असे सहाध्यायी शेजारच्या घरात सापडतीलच, याची हमी कोण देणार?

अशा अभ्यासासाठी जो वर्ग आम्हांस अभिप्रेत आहे तो लवचिक आहे: ज्यांना शक्य असेल त्यांनी प्रत्यक्ष यावे, जो आजारी आहे, परगावी आहे किंवा ज्याच्या गावची एस. टी. चुकली आहे त्याने त्याच वेळी झूम किंवा गूगल मीटवरून सामील व्हावे. अनुभवान्ती असे दिसते की अशा वर्गात चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. पंख्याखाली ठेवलेल्या लॅपटॉपमधून शिक्षकाचे बोलणे बाहेरच्या मुलाला धड ऐकू येत नाही. शिक्षकाच्या सदऱ्याला लावलेला साधा कॉलर माइक ती अडचण दूर करतो. वर्गातील एका मोठ्या मुलाकडे किंवा पालकाकडे केवळ दूरच्या मुलांचे पालकत्व सोपवावे. त्यांचा प्रश्न आला की त्याने हात वर करावा, अन्यथा ती मुले प्रेक्षक होऊन जातात. ज्या गावी नेटवर्क क्षीण आहे तेथे व्हिडिओ बंद ठेवून बोलणे चालू ठेवावे, आणि वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा. एवढ्याने काम भागते.

वर्गाला हवी जागा, आणि येथे आम्ही ग्रंथालयांकडे आशेने पाहतो. रत्नागिरीस १८२८ मध्ये, नाशकात १८४० मध्ये, पुण्यात १८४८ मध्ये वाचनालये उभी राहिली, ती लोकांनी एकत्र बसून ज्ञान घ्यावे म्हणून. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने या कार्याला शासनाचा आधारही मिळाला. आज कित्येक ग्रंथालयांची सभागृहे भर दुपारी कुलूपबंद असतात. आठवड्यातील दोन दुपारी ते दालन, एक टेबल आणि विजेचे बटण मुलांच्या स्वाधीन करावे, अशी कार्यकारी मंडळांना विनंती आहे. विजेचा आणि इंटरनेटचा खर्च पालकांनी भरावा, त्याचा हिशेब ग्रंथालयाच्या दप्तरी लेखी असावा, आणि दालनाचे दार वर्गाच्या वेळी उघडे राहावे. परिसरातील शाळेत जाणाऱ्या मुलांनाही तेथे येण्यास मज्जाव नसावा.

सेवानिवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक तास द्यावा. सुतार, गवंडी, कुंभार, शिंपी यांनी महिन्यातून एकदा यावे, आणि त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला पालकांनी दिलाच पाहिजे; हुन्नर फुकट मागणे हा त्या हुन्नराचा अवमान आहे. पालकांवर आणखी एक जबाबदारी आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून त्याच्या माहितीच्या वापरास पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे; सबब लेखी संमतीवाचून कोणत्याही वर्गाचे रेकॉर्डिंग करू नये, आणि कोणत्याही मुलाचा चेहरा समाजमाध्यमांवर टाकू नये.

ज्या ग्रंथालयास, शिक्षकास वा कारागिरास ही योजना मान्य असेल त्यांनी आपला वार आणि वेळ कागदावर लिहून तो ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावावा. पालकांनी त्याच फलकावर मुलाचे नाव न लिहिता केवळ वय आणि आवडीचे विषय नोंदवावेत. पाच मुले जमली की त्याच आठवड्यात वर्ग सुरू करावा, अधिक मुलांची वाट पाहू नये.