‘घरीच थांबा’ – पण कुणाच्या घरी?

मार्च सरत आला की आमच्या विदर्भात पत्रकं वाटायला सुरुवात होते. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. तहान नसली तरी पाणी प्या. सैल, सुती, फिक्या रंगाचे कपडे घाला. भर उन्हाच्या वेळी स्वयंपाक टाळा आणि स्वयंपाकघराची दारं-खिडक्या उघडी ठेवा. सूचना सगळ्या बरोबर आहेत. त्या न पाळल्याने माणसं दगावतात हेही खरं. माझी तक्रार वेगळी आहे. हे पत्रक ज्या माणसाला उद्देशून लिहिलं आहे तो पुरुष आहे, त्याचं घर बाहेरच्यापेक्षा थंड आहे, त्या घराला खिडकी आहे आणि त्याचा स्वयंपाक दुसरं कुणीतरी करतं आहे.

ज्या वस्त्यांमध्ये मी काम करते तिथलं घर म्हणजे दहा बाय दहाची खोली. वर टिनाचे पत्रे, दाराशी चूल किंवा गॅस. खिडकी असलीच तर ती शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या पत्र्याला आतून हात लावून पाहा. पूर्वी इथे कौलं होती, आम्ही त्यांना कवेलू म्हणतो. मातीची भिंत आणि कवेलू असलेलं घर दुपारीही सोसवतं. पण कवेलू दरवर्षी फेरावे लागतात, माकडं ते फोडतात, फेरणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही. मग टिन येतं. टिन आलं की लोक म्हणतात, घर सुधारलं. त्या सुधारणेखाली दिवसभर कोण बसतं, हे कुणी विचारत नाही.

बाई बसते. पोळ्या करताना पंखा बंद, कारण ज्योत विझते. गोंदिया-भंडाऱ्याकडे घरी बिड्या वळणाऱ्या बायकांचा पंखाही बंद, कारण तंबाखू उडते. दुपारी बाहेरच्या कडुलिंबाखाली पत्ते खेळत बसलेल्या पुरुषांपेक्षा ही आत बसलेली बाई अधिक तापत असते. पण तिच्यावर ऊन पडत नाही, म्हणून शासनाच्या लेखी ती सुरक्षित!

हे लेखी कसं ठरतं तेही पाहू. हवामान खात्याचा तापमापक एका पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत असतो. पेटी मोकळ्या जागी, जमिनीपासून चार फुटांहून थोडी उंच बसवलेली, चारही बाजूंनी वारा खेळता. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे, हवेचं तापमान असंच मोजायला हवं. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं, किंवा थेट ४५ झालं, की उष्णतेची लाट जाहीर होते. मात्र त्या पेटीला जी सावली आणि जो वारा मिळतो, तेवढाही आमच्या बायकांच्या स्वयंपाकाच्या जागेला मिळत नाही. चंद्रपूरला ४५ अंश असं वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा चुलीपुढे किती असतं? ते मोजण्याची व्यवस्था कुठल्याच खात्याकडे नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने आपल्या सभासदांसाठी उष्णतेचा विमा आणला, २०२४च्या उन्हाळ्यात हजारो जणींना प्रत्येकी ४०० रुपये मिळाले. पाऊल मोलाचं आहे. पण तो विमाही बाहेरच्या तापमानाचा आकडा पाहूनच पैसे देतो.

आता ‘भरपूर पाणी प्या’. बांधकामावर, नाक्यावर, भाजी विकताना, बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत. प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि जायला जागा नसते. सकाळी सातला घर सोडलेली बाई संध्याकाळपर्यंत दोन घोटांवर राहते. मग लघवीची जळजळ, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. उष्माघात टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय पाणी, आणि बायांच्या बाबतीत तो उपाय मुतारीवाचून अडलेला आहे. (समाजकार्याच्या वर्गात आम्हाला ‘वर्तनबदल’ शिकवत. लोकांना माहिती द्या, ते वागणं बदलतील. या बायांना माहिती पुरेपूर आहे.) शिवाय २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असलेलं शरीर ना ऊन सोसतं, ना थंडी.

कामाच्या वेळा बदला, असाही एक उपाय सांगतात. सकाळी लवकर काम सुरू करा, दुपारी सुट्टी द्या. तेंदूपानांच्या हंगामात गडचिरोली-चंद्रपूरच्या बायका हे पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. पहाटे अंधारातच जंगल गाठायचं, ऊन चढायच्या आत परतायचं, मग घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. पण पहाटे चारला निघणारी बाई उठते कधी? पाणी भरून, भाकरी थापून, मुलांचं आवरूनच ती निघते. वेळ पुढे सरकली की पुरुषाला दुपारी झोप मिळते, बाईची रात्रीची झोप मात्र कापली जाते. घरकामाची वाटणी न बदलता कामाच्या वेळा बदलणं म्हणजे उन्हाचा भार झोपेवर टाकणं.

आणि रात्र! रात्री हवा थोडी निवते तेव्हा पुरुष अंगणात खाट टाकतो, गच्चीवर जातो, रस्त्याकडेला आडवा होतो. वयात आलेली मुलगी, नवी सून आत, दाराला कडी लावून. दिवसभर तापलेला पत्रा आणि भिंती रात्री ती उष्णता खोलीतच सोडत राहतात. रात्रीचा वारा सगळ्यांचा, असं म्हणायला ठीक आहे. प्रत्यक्षात ज्याला उघड्यावर निर्धास्त झोपता येतं त्याचाच तो. वस्तीत बायांवर अत्याचाराची भीती आहे म्हणून त्या उष्णतेने आजारी पडतात, हे वाक्य कुठल्याही उष्णता आराखड्यात मला आढळलेलं नाही.

यावर कुणी आकडे पुढे करतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत उष्माघाताचे बळी बहुसंख्य पुरुषच दिसतात. बरोबर आहे. रस्त्यावर, शेतात, कामावर कोसळलेल्या माणसाचा पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, नोंद होते. घरात तापाने फणफणून गेलेल्या म्हातारीची नोंद ‘वार्धक्याने’. उन्हात राबणारे पुरुष मरतात हे मी नाकारत नाही, त्यांच्यासाठीही लढायचंच आहे. पण मोजणी रस्त्यावर करायची आणि निष्कर्ष घराबद्दल काढायचा, हे चालणार नाही. फ्रान्समध्ये २००३च्या ऑगस्टमधल्या लाटेनंतर मृत्यूंची मोजणी नीट झाली, तेव्हा जवळपास १५ हजार जादा मृत्यू आढळले. त्यांत म्हाताऱ्या बायकांचं प्रमाण मोठं होतं. कित्येक जणी एकट्या, आपल्याच घरात गेलेल्या. छपराला लागून असलेल्या खोलीत झोपणाऱ्यांना धोका अधिक, हेही तिथल्या अभ्यासात दिसलं. फ्रान्ससारख्या श्रीमंत देशातही छप्पर ते छप्परच!

आणि आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ला खारघरला काय झालं? सरकारी पुरस्कार सोहळा, लाखोंचा जमाव, भर दुपार, मंचावर छत आणि समोरच्या मैदानात सावली नाही. १४ माणसं गेली, त्यांत बहुसंख्य बाया. त्या दिवशी आसपासचं तापमान ३८ अंशांच्या घरात होतं. आमच्या चंद्रपूरचा माणूस म्हणेल, ३८ म्हणजे काय ऊन झालं? पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. म्हणूनच हवामान खात्याचा किनारपट्टीचा निकष ३७ अंशांचा आहे. हे नियम सोहळा ठरवणाऱ्यांना ठाऊक नव्हते असं कसं म्हणावं?

थंडीकडेही आपण याच डोळ्यांनी पाहतो. मैदानी भागात किमान तापमान ४ अंशांवर आलं, किंवा १०च्या खाली जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं, की थंडीची लाट. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेल्या बाईला ती लाट जाहीर व्हायची वाट पाहावी लागत नाही. पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, खाली ओली जमीन, दाराऐवजी गोणपाट. पहाटे तीनला उठून तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या, मग दवाने भिजलेल्या फडात. साडी गुडघ्यापर्यंत ओली. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या, मग ट्रक मध्यरात्री आला तरी. ओली बाळंतीण असली तर बाळ चुलीच्या राखेजवळ, गोधडीत. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, उचल नवऱ्याच्या हातात. म्हणजे थंडी सोसण्याची मजुरीसुद्धा तिच्या नावावर नाही. ‘रात्री घरात थांबा, उबदार कपडे वापरा’ हे पत्रक तिने वाचावं तरी कशाला?

कुणी म्हणेल, आमच्या आज्या हे सगळं सोसत आल्या. सोसत होत्याच. किती जणी पन्नाशी गाठत होत्या तेही सांगा.

याच महाराष्ट्राने १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांच्या घामातून तो आला. कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली आणि मुलांसाठी पाळणाघर हवं, हे त्या योजनेत लिहिलं गेलं. किती जागी मिळालं ते आपण पाहिलं आहे, पण हक्क म्हणून लिहिलं गेलं. आज अहमदाबादचा २०१३चा आराखडा सगळीकडे गिरवला जातो आहे. त्यात आपण भर घालायला लावायची आहे: घर हेही कामाचं ठिकाण धरा. पत्र्यांना पांढरा रंग किंवा कमी तापणारं छप्पर सरकारी खर्चाने द्या, आणि ते अनुदान बाईच्या नावावर. मुकादम आणि कारखान्यांना कोपीऐवजी पक्का निवारा, न्हाणी आणि संडास बंधनकारक करा. नाक्यानाक्यावर पाणपोईच्या बरोबरीने बायकांची मुतारी, कडी आणि दिवा असलेली.

निवेदन घेऊन गेल्यावर साहेब पुरावा मागणारच. तेव्हा येत्या एप्रिल-मेमध्ये आपल्या प्रत्येक गटाने एक साधा तापमापक विकत घेऊन वस्तीतल्या एका घरात चुलीपासून हातभर अंतरावर टांगावा. वहीत तीन रकाने पुरेत: सकाळ, दुपार, आणि रात्री कडी लावल्यानंतर.