बाहेरचा रंग कायद्याच्या बाहेर का?

घराची भिंत आणि बागेतली घसरगुंडी यांना मूल एकाच हाताने शिवते. कायद्याच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ रोजी रंगांतल्या शिशाविषयी नियम काढले आणि वर्षभराने ते लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांहून जास्त शिसे नको, असा तो नियम. उशिरा आला, पण चांगला आला. फक्त औद्योगिक रंग त्यातून वगळले. पूल, खांब, मोठी गेटे, कारखान्यातून रंगून येणारे झोपाळे अशा रंगाचे असू शकतात. मग त्यात शिसे किती, हे विचारायला नियमच उरत नाही.

रंगात शिसे उगीच घालत नाहीत. शिशामुळे पिवळा, केशरी, लाल रंग भडक राहतो. कित्येकदा हिरवाही त्याच पिवळ्यापासून बनतो. लोखंड गंजू नये म्हणून लावायचा जुना शेंदरी प्रायमर तर शिशाचाच. (रेड ऑक्साइड वेगळे, ते लोखंडाचे असते. त्याला बोल लावू नका.) म्हणजे लेकरांना भुलवणारे रंगच जास्त संशयाचे. उन्हापावसात ते पिठासारखे सुटतात, पोपडे धरतात, खालच्या मातीत मिसळतात. तीच माती हाताला आणि तोच हात तोंडात.

हे कळून शंभरावर वर्षे झाली. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांच्याकडे शिशाची बाधा झालेली मुले येत. घरांच्या व्हरांड्याचे रंगवलेले कठडे याला कारणीभूत आहेत, असे त्यांनी १९०४ मध्ये लिहिले. तिथल्या सरकारने मुलांच्या हाताला लागणाऱ्या बाहेरच्या भागांवर शिशाचा रंग लावायला बंदी केली ती १९२२ मध्ये. अठरा वर्षे गेली, आणि तेवढ्यात किती मुले मोठी झाली! गंमत अशी की १९२१ च्या आंतरराष्ट्रीय कामगार कराराने पांढऱ्या शिशाला मनाई केली, तीही इमारतीच्या आतल्या रंगकामापुरतीच. बाहेरचा रंग तेव्हाही सुटला.

शिशाची अमुक मात्रा सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. पोटात गेलेले शिसे लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. आपल्या देशात पाच वर्षांखालची ६७ टक्के मुले रक्तक्षयाची आहेत, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. शिसे हाडांत साठते आणि आईच्या गरोदरपणी बाळापर्यंत पोहोचते. मेंदूवर परिणाम झाला तरी बाहेरून व्रण दिसत नाही. लक्ष लागत नाही, पाठ राहत नाही, चिडचिड वाढते. आम्ही मास्तर मंडळी अशा मुलाला पटकन ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. कारणे पुष्कळ असतात, पण रक्तातले शिसे तपासा असे पालकांना कुणी सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

शिशावाचून लोखंड गंजेल, ही सबब आता चालणार नाही. झिंक फॉस्फेटचे प्रायमर मिळतात. फिलिपिन्सने २०१९ अखेरपर्यंतची मुदत देऊन औद्योगिक रंगांनाही हीच ९० ची मर्यादा घातली.

हे नियम केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचे आहेत, म्हणून पत्र आपल्या खासदारांना लिहा. मोहल्ल्याच्या वतीने लिहिलेत तर उत्तम. दोनच मागण्या करा: औद्योगिक रंगांनाही ९० ची मर्यादा लावा, आणि जुने कठडे, पाळणे खरवडताना धूळ उडू न देण्याचा नियम करा. नगरपालिकेला बंदी घालता येणार नाही, पण बागेच्या निविदेत ‘शिसेविरहित रंगच वापरावा’ ही अट घालता येते. नगरसेवकांकडे ती मागा.

ईदच्या आधी घराचे, मशिदीचे गेट रंगवायला काढाल तेव्हा डब्यावरचा शिशाचा उल्लेख वाचून घ्या. जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू देऊ नका, पाणी मारून घासायला सांगा. त्या दिवशी मुलांना नानीकडे पाठवा, आणि रंगारी भाईंनाही सांगा की कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.