मंतरलेली तलवार कोणाला द्यायची?

शनिवारची संध्याकाळ. टेबलाभोवती पाच मित्र जमले आहेत. मधे कागद, पेन्सिली, रंगीबेरंगी फासे आणि वेफर्सची फोडलेली पाकिटे. एकजण पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून गोष्ट सांगतो आहे. तो सूत्रधार. बाकीच्या चौघांपैकी एक योद्धा झाला आहे, एक जादूगार, एक चोर आणि एक धर्मगुरू. तीन तासांच्या झुंजीनंतर ड्रॅगन एकदाचा मेला. आता चौघेही पुढे सरकून एकच प्रश्न विचारतात, "गुहेत काय सापडलं?"

सूत्रधार घुटमळतो. कारण आता तो जे बोलेल त्यावर हा खेळ आणखी वर्षभर चालेल की महिन्याभरात मोडेल, हे बरेचसे ठरणार असते.

या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे छोटेसे गाव आहे. तिथला गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटा राज्यातला डेव्ह अर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो बाजारात आणला. यात सोंगट्या घरात नेऊन जिंकायचे नसते. प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, सूत्रधार प्रसंग सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचे आणि जमले की नाही ते फासा ठरवणार. नाटक, गोष्ट आणि पट यांची ही मिसळच म्हणायची. तिची खरी चव मात्र लुटीत असते. लुटीत सोनेनाणे असतेच, पण खेळाडूंचा जीव अडकतो तो जादूच्या वस्तूंत. मंतरलेली तलवार, अदृश्य करणारी अंगठी, बाहेरून हातभर पण आत खोलीभर सामान मावणारी पिशवी...

आता बघा, जादूची अगदी साधी तलवार म्हणजे 'अधिक एक'ची. वीस बाजूंच्या फाशावर जो आकडा पडेल त्यात एक मिळवायचा, एवढीच तिची करामत. म्हणजे घाव बसण्याची शक्यता शंभरात पाचाने वाढली. फार नाही. पण 'अधिक पाच'ची तलवार हाती आली की तीच शक्यता पंचवीसने वाढते. मग कालपर्यंत घाम फोडणारे राक्षस योद्ध्यापुढे भाजीपाल्यासारखे कापले जातात. सूत्रधाराला अधिक मोठे राक्षस आणावे लागतात. त्या राक्षसांपुढे साध्या सुरीवर दिवस काढणाऱ्या चोराचा निभाव लागत नाही. तीन शनिवार तो बिचारा नुसता वेफर्स खात बसतो आणि चौथ्या शनिवारी 'बरं नाही' असा निरोप पाठवतो. एका तलवारीपायी पाचाचे चार होतात, ते असे.

उदार सूत्रधाराच्या टेबलाला अमेरिकेतले खेळाडू 'माँटी हॉल'चा खेळ म्हणू लागले. माँटी हॉल हा १९६३ साली सुरू झालेल्या 'लेट्स मेक अ डील' या टीव्ही कार्यक्रमाचा निवेदक. दार उघडा आणि बक्षीस घ्या, असा तो कार्यक्रम. इंग्रजीत 'हॉल' या उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे, त्याचा अर्थ लुटीचा ढिगारा. त्यामुळे कोटी आपसूकच झाली.

गायगॅक्सला हा धोका चांगलाच ठाऊक होता. १९७९ साली सूत्रधारांसाठी निघालेल्या जाडजूड पुस्तकात त्याने बजावले होते, की जादूच्या वस्तू विचार न करता वाटल्याने कितीतरी खेळ धुळीला मिळाले आहेत. या वस्तूंची माहितीही त्याने त्याच पुस्तकात ठेवली, खेळाडूंच्या पुस्तकात नाही. शिवाय दरोडेखोरांच्या म्होरक्याकडे जादूची तलवार असेल तर ती पेटीत कशाला राहील? तो तीच घेऊन अंगावर येणार! मिळाली तरी ती नेमकी काय आहे हे कळणे सोपे नव्हते. ओळख पटवणाऱ्या मंत्रासाठी जादूगाराला शंभर सुवर्णमुद्रांचा मोती आणि घुबडाचे पीस यांचा दारूत काढा करून प्यावा लागे, वर एक इवलासा जिवंत मासा गिळावा लागे. एवढे करूनही वस्तू शापित निघायची भीती असेच. सामान ठेवायची म्हणून घेतलेली पिशवी सामानच गिळून बसे.

आणि दिलेले परत काढून घ्यायचे झाले तर? त्यासाठी गंज चढवणारा एक प्राणी होता. त्याच्या मिशांचा स्पर्श झाला की लोखंडाचा भुगा. मौज अशी, की हे ध्यान हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचले होते. पण त्याच्यावर विसंबणे धोक्याचे. वर्षभर जपलेली तलवार एका फाशात गेली, की योद्धा झालेल्या मित्राचा चेहरा बघवत नाही. सूत्रधाराने सूड घेतला असेच त्याला वाटते आणि पुष्कळदा ते खरेही असते.

२००० साली तिसरी आवृत्ती आली आणि सगळे बदलले. जादूला चक्क बाजारभाव आला. 'अधिक एक'ची लांब तलवार २,३१५ सुवर्णमुद्रा, 'अधिक दोन'ची ८,३१५. जुनी विकली तर निम्मे पैसे. कोणत्या पायरीवरच्या पात्राकडे किती मालमत्ता असावी याचाही तक्ता छापला गेला. खेळाडू अंगठ्या, पट्टे, झगे, बूट असे अंगभर लेवून फिरू लागले. 'नाताळचे झाड' हा शब्द त्यांच्यासाठीच रूढ झाला. २००८ सालच्या आवृत्तीने तर वस्तूंची यादी खेळाडूंच्याच पुस्तकात दिली. हव्या त्या वस्तू लिहून सूत्रधाराच्या हाती द्याव्यात, अशी सोय झाली.

जुने खेळाडू यावर नाके मुरडतात. जादूचे वाणसामान झाले, असे म्हणतात. ते सगळेच खरे नाही. धनुर्धर झालेल्या मुलीला वर्षभर कुऱ्हाडीच सापडत असतील तर तिने काय करायचे? दुकान असले की तिला निदान स्वतःच्या हिमतीवर धनुष्य घेता येते, सूत्रधाराच्या मर्जीची वाट बघावी लागत नाही. मात्र दुकानातून आणलेल्या धनुष्याची गोष्ट कोणी सांगत नाही, हेही तितकेच खरे.

२०१४ सालच्या आवृत्तीने मधली वाट काढली. बाजार पुन्हा सूत्रधाराच्या इच्छेवर सोपवला आणि नियम केला, की प्रभावी वस्तूंशी आधी मन जुळवायला हवे आणि अशा वस्तू एका वेळी तीनच. चौथी हवी तर एक सोडा. २०२४ सालच्या सुधारित पुस्तकांतही हा नियम कायम आहे. सूत्रधारांचे अर्धे भांडण त्याने मिटवले. कारण आता नको असलेली अंगठी योद्धा आपण होऊन चोराच्या हाती देतो.

याच खेळाच्या १९८० सालच्या एका पुस्तकात भारतीय देवदेवतांवरही प्रकरण होते. आपल्याकडच्या वाचकाला यातले काही नवे वाटू नये. कवचकुंडले देऊन कर्णाने इंद्राकडून जी शक्ती घेतली ती एकदाच वापरता येणारी होती. ती अर्जुनासाठी राखून ठेवली आणि घटोत्कचावर खर्च करावी लागली. अनुभवी सूत्रधार अशाच वस्तू अधिक वाटतात. एक घोट औषध, एकदा वाचून संपणारा मंत्र. दिल्याचा आनंद होतो आणि खेळही बिघडत नाही.

अडचण एकच. खेळाडू त्या वापरतच नाहीत. 'पुढे लागेल' म्हणून ती बाटली पात्राच्या कागदावर लिहून ठेवलेली असते. वर्षभराने शेवटचा राक्षस पडतो, पेन्सिली डब्यात जातात, कागद घडी घालून वहीत ठेवले जातात. बाटली तशीच भरलेली!