मौन म्हणजे आरोग्य नव्हे

आरोग्यातील विषमतेचा विचार बहुधा रुग्णालये, खाटा आणि डॉक्टर यांच्या संख्येवरून केला जातो. ही मोजदाद आवश्यकच आहे. परंतु तीतून एक प्रश्न निसटतो. आपल्या दुखण्याविषयी कोणाला बोलता येते, आणि कोणाचे बोलणे पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते?

अमर्त्य सेन यांनी २००२ साली एका विसंगतीकडे लक्ष वेधले. आयुर्मानात अग्रेसर असलेल्या केरळातील लोक आजारांची तक्रार अधिक करतात; आयुर्मानात मागे असलेल्या बिहारात ती फारच थोडी आढळते. यावरून बिहारी माणूस अधिक निरोगी ठरत नाही. शिक्षण व उपचार यांच्या अभावी जे दुखणे नित्याचे होऊन बसते, त्याला दुखणे म्हणण्याची सवयच उरत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात हे मौन तपासले गेले. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दिसले. पूर्वी तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. पुढे त्याच जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण देण्यात आले. त्या घरोघर जात, बाळाचे वजन घेत, त्याला ऊब देत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देत. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आईशी तिच्या उंबरठ्याच्या आत बोलू शकणारी व्यक्ती हाच या योजनेचा आधार होता.

२०११ पासून हे काम देशभर 'आशा' कार्यकर्तीकडे आले. मात्र शासनदरबारी ती आजही स्वयंसेविकाच आहे. तिला वेतन नाही, मानधन व कामागणिक मोबदला आहे. जिच्या शब्दावर बालकाचे प्राण अवलंबून असतात, तिच्या श्रमाला नोकरीचा दर्जा नसावा, ही विषमता निवारणाच्या योजनेतच शिरलेली विषमता होय.

येथे भाषाभ्यासकांचेही उत्तरदायित्व आहे. गोंडी भाषा आठव्या परिशिष्टात नाही. अशा भाषांतील वेदनेची शब्दसंपदा वैद्यकीय शिक्षणात क्वचितच पोहोचते. ती संग्रहित करून वैद्यकापुढे ठेवणे हे तौलनिक अभ्यासाचे कार्य मानले पाहिजे. ज्या दुखण्याला दवाखान्यात शब्द नाही, त्याला अंदाजपत्रकातही स्थान मिळत नाही.